खिडक्या लावून केलेला चहा

दांडिया बाजार, बडोदे
18 डिसेंबर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास तेव्हा माझे वाक्य अर्धेच राहिले होते. ते पुरे करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, असे तुझ्या आईला सांगितले आहे. तिने काही न बोलता चष्मा आणि पेन आणून दिले. लिहून झाले की ती कागदांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. अक्षर लागले नाही तर तिला विचार.

दीवला नागोआच्या किनाऱ्यावर गाडी लावली, वारा फार होता म्हणून खिडक्या लावून दोघींनी आतच चहा केला, एवढेच तू सांगितलेस, आणि तेही किती आनंदात. त्यावर मी आवाज चढवायला नको होता. रेवतीलाही तो ऐकू गेला असणार. तिला माझ्या वतीने सांग की माणूस वाईट नाही. हा विषय मी येथेच सोडतो.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन, तारापूर, भावनगर, महुवा, उना असे सुमारे 400 किलोमीटर तू स्वतः चालवत गेलीस, हे मी आज सकाळपासून तिघांना सांगितले आहे. अंगणात तू प्लायवूड कापत होतीस तेव्हा मी वरच्या गॅलरीतून पाहत असे, आणि तू घरी नसताना आत जाऊन ओट्याखालचे खण उघडून पाहत असे. एकही अडत नाही. आपल्या घरात हे काम कोणालाच येत नव्हते. अप्पांनी केलेला पाट अजून डगमगतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक पाडलेस तेही अगदी योग्य केलेस, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता पाण्यासारखा खाली साचतो, आणि त्याला बाहेरची वाट जमिनीलगतच द्यावी लागते. मात्र ते भोक गळणाऱ्या गॅससाठी आहे. बंद जागेत जळणाऱ्या गॅसची गोष्ट निराळी, आणि ती मी आत्ता काढणार नाही.

किल्ल्यावर ऊन चढण्यापूर्वी जा. मोगलांच्या धाकाने गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने पोर्तुगीजांशी करार केला, 1535 मध्ये त्यांनी किल्ला बांधायला घेतला, आणि दोनच वर्षांनी हा सुलतान त्यांच्या गव्हर्नरला जहाजावर भेटून परतताना समुद्रातच मारला गेला. तटावरून पाणीकोठा दिसेल. जहाजाच्या आकाराचा तो दगडी कोट पाहून तू पाच वर्षांची असताना विचारले होतेस की हे सुटणार केव्हा. झांपा दरवाज्याच्या आतल्या गल्ल्या अरुंद आहेत, तेव्हा गाडी बाहेर लावून पायीच फिरा. उद्या 19 डिसेंबर. 1961 साली याच दिवशी दीववरचा पोर्तुगीज अंमल संपला.

फुदमच्या गंगेश्वराला मात्र नक्की जा, आणि भरतीच्या वेळी जा. कपारीत पाच पिंडी आहेत आणि लाट येऊन त्यांना अंघोळ घालून जाते. तू मधल्या पिंडीवर जास्वंदीचे फूल ठेवले होतेस, लाटेने ते नेले, आणि ‘देवाला दिलेले समुद्राने का घेतले’ म्हणून तू असा आकांत केलास की माईने पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरून दुसरेच कोणाचे तरी फूल तुला आणून दिले. तुला ते पटले नव्हते. चक्रतीर्थाजवळ ‘खुकरी’चे स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ती युद्धनौका बुडाली, कॅप्टन मुल्ला नौका न सोडता तिच्याबरोबर गेले, आणि 18 अधिकारी व 176 खलाशी परतले नाहीत. तेथे माई बराच वेळ उभी राहिली होती. सुमाचे वर्ष तेच.

खाण्याचे आईने सांगितले आहे तसे लिहितो. मासळी वणाकबाऱ्याच्या धक्क्यावर घ्यावी, पापलेटचा कल्ला उचलून लाल आहे ना ते पाहावे. बोंबील ओले मिळाले तर चिरून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवावा म्हणजे पाणी सुटते. वरवंटा नाही म्हणून पाण्याचा कॅन ठेवा. मग तांदळाचे पीठ आणि रवा लावून तळा, पण दार उघडे टाकून तळा, वास बाहेर जाईल म्हणून नव्हे. पाहिलेस, पुन्हा तेच आले. सकाळी गाठिये, पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या बाहेरच खाल्ल्यात तर निदान एक वेळ तरी माझा जीव शांत राहील. दीवमध्ये दारू उघड मिळते हे मला ठाऊक आहे आणि तुम्ही लहान नाही. मात्र परतताना एकही बाटली गाडीत नको. आपल्याकडे बंदी आहे, आणि तुमच्यासारखी गाडी पोलीस हमखास उघडून पाहतात.

हे व्याख्यान झाले, माफ कर. सव्वीस वर्षे कारखान्यात हेच काम केले. नव्या मुलांना उभे करून सांगत असे की गळणाऱ्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, परंतु अपुऱ्या हवेत जळताना जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणसाला वाटते की आपण प्रवासाने दमलो आहोत.

माईच्या बाथरूमचे तुला ठाऊक आहे, असे आम्ही धरून चालतो. तू तेव्हा नाशिकला होतीस. मी बत्त्याने कडी तोडली, ती वाचली, पुढे चार वर्षे होती, आणि त्या चार वर्षांत तुला सुमा म्हणत राहिली, एवढे तू पाहिले आहेस. जे तुला कोणी सांगितले नाही ते असे की, तो गॅस गीझर बसवताना मिस्त्रीने विचारले होते, ‘साहेब, वर जाळी पाडू का?’ थंडीत वारा येतो अशी माईची तक्रार असे, म्हणून मीच नको म्हणालो. सगळ्या कारखान्याला शिकवणारा मी. ती कडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

म्हणून काल आवाज चढला.

आई म्हणते, होक्याची फळे मिळाली तर आण, आणि नागोआच्या रेतीत गाडी फार आत नेऊ नका, चाके रुततात.

तुझा,
बाबा

ता. क. जो अलार्म तू नको म्हणून परत दिला होतास, तो बाजरीच्या पिठाच्या डब्यात तळाशी, पिशवीत बांधून ठेवला आहे. सेल घातलेले आहेत. उशाशी, झोपल्यावर डोके येते त्या उंचीवर लाव, आणि बटण दाबून एकदा वाजवून पाहा. वाजला की मला फोन कर, मी काही बोलणार नाही.