केळघर घाट उतरण्याआधी

सातारा,
रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून सायकल उलटी टाकलेला तुझा फोटो मी मोठा करकरून पाहिला. आईला त्यात तुझे काळे झालेले हात दिसले. मला दिसले ते वाटीत सुटे पडलेले स्टेमचे, म्हणजे हँडल पुढच्या फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट आणि मागच्या ब्रेकच्या डिस्कला खेटून ठेवलेला ऑइलच्या स्प्रेचा डबा. खाली तू बेत लिहिला आहेस: दिवाळीला पुण्याहून सायकलने घरी यायचं, तेही वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत केळघर घाटाने मेढ्यात उतरून. एका दिवसात, एकटीने.

येऊ नकोस असं सांगायला मी बसलेलो नाही. नको म्हटलं तर तू कळवायचंच सोडून देशील. तो तुझ्या आजोळचा गुण आहे. पण दुरुस्ती आणि प्रवास हे दोन वेगळे विषय असल्यासारखं तू लिहिलं आहेस, आणि मला ते दोन्ही केळघरच्या उतारावर एकत्र आलेले दिसतात. तू स्वतः बसवलेला ब्रेक आणि दिवसभर दमलेली तू, दोघांची परीक्षा एकाच जागी, संध्याकाळच्या उजेडात.

आधी दुरुस्तीचं. कंपनीत मेंटेनन्सला आयुष्य गेलं, त्यामुळे स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल मला कौतुकच आहे. कुठलंही काम हातात घेताना एवढंच विचारत जा: हे चुकलं तर मी अडकेन, की पडेन? अडकण्याची कामं बिनधास्त शिक. पडण्याची कामंही शीक, पण त्यांच्यावर दुसऱ्याची नजर पडल्याशिवाय रस्त्यावर येऊ नकोस.

पंक्चर हे अडकण्याचं काम. चार वेळा फसेल, पाचव्यांदा जमेल. सोल्यूशन लावून लगेच पॅच चिकटवायची घाई करू नकोस. दोन-चार मिनिटं सुकू दे, बोटाला ओलं लागेनासं झालं की मग पॅच दाब. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव, कारण काटा तिथेच असतो आणि नवी ट्यूब त्याचीच वाट पाहत असते. तुझ्या ट्यूबला तो बारीक फ्रेंच व्हॉल्व आहे. शिरवळ-सुरूरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसणार नाही, म्हणून पितळी अडॅप्टर खिशात ठेव. त्याच्याकडे कॉम्प्रेसर असेल तर हवा भरताना समोर उभी राहा. हवेचा किती दाब (पीएसआय) चालतो ते टायरच्या बाजूवर छापलेला असतो आणि ट्रकची हवा भरणाऱ्या हाताला त्याचा अंदाज नसतो.

चेनही तुझीच. एका पिनेपासून पुढच्या २४व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरलं पाहिजे, शाळेतली स्टीलची पट्टी पुरते. एक सूत म्हणजे अष्टमांश इंच. त्याच्या निम्म्याने चेन लांबली की बदलायची. उशीर केलास तर ती मागची दातरीही खाते, आणि मग नुसती नवी चेन टाकून भागत नाही, जुन्या दातऱ्यांवरून ती उड्या मारते. पेडल काढताना मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, मऊ ॲल्युमिनियमचा, पेडलची दांडी पोलादाची. पेडल आधी हाताने चार फेरे सहज फिरलं पाहिजे, पाना नंतर. पहिल्याच फेऱ्याला पाना लावावा लागला, तर आटे तिरके धरले गेलेत असं समज. आटे गेलेला क्रँक कुणी परत आणून देत नाही.

तुझ्या आजोबांच्या काळ्या सायकलीला हे लाड नव्हते. पुढच्या चाकात ३२ तारा, मागच्यात ४०, क्रँकला कॉटर (पाचरीसारखी खीळ), आणि तो बसवायला हातोडी. दोन पाने आणि एक पक्कड एवढ्यावर अख्खी सायकल ओव्हरऑइल व्हायची, आणि गावोगाव ती करणारा माणूस असायचा. ती सायकल चुका पोटात घालायची, कारण तिच्यात लोखंडच एवढं होतं. तुझी सायकल हलकी आहे याचा अर्थच असा, की चुकायला तिच्यात फार जागा ठेवलेली नाही.

म्हणून ते वाटीतले बोल्ट. तू स्टेम उंच बदललास, चांगलं केलंस, पाठ दुखायची थांबेल. पण वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधला खेळ काढतो. हँडल धरतात ते स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. आधी टोपी, खेळ जाईल इतकीच. मग हँडल चाकाच्या रेषेत. मग बाजूचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून. त्यांचा घट्टपणा साधारण ५ न्यूटन मीटर असतो, आकडा बहुतेक स्टेमवरच कोरलेला असतो. म्हणजे १० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला पाच किलोचा जोर. तू दात-ओठ खाऊन पिळशील तर त्याच्या दुप्पट होईल, आटे मरतील आणि ते मेले हे त्या दिवशी कळणारही नाही. घट्टपणा मोजणारा टॉर्कचा पाना तुझ्याकडे नाही, मित्रांतही कुणाकडे नसेल तर हे काम दुकानात नेऊन दाखवायचं. त्यात कमीपणा वाटू देऊ नकोस. आमच्याकडे क्रेनचा हूक बदलणारा फिटर कितीही मुरलेला असो, तो ठीक बसला असं लिहून सही करायचा दुसराच. स्वतःच्या कामात आपल्याला जे करायचं होतं तेच दिसतं, जे झालं ते दिसत नाही.

आता तो स्प्रेचा डबा. डिस्क ब्रेकच्या आसपास तेलाचा स्प्रे मारायचा नसतो. त्याचे तुषार डिस्कवर बसले की पॅड ते पितात, आणि असे पॅड पुसून साफ होत नाहीत. ब्रेक लावल्यावर किंचाळण्यासारखा आवाज येत असेल आणि सायकल थांबायला नेहमीपेक्षा अंतर घेत असेल, तर डिस्क स्पिरिटने पुसून काढ आणि पॅड नवे टाक. तुझे ब्रेक केबलवरचे आहेत, हायड्रॉलिकसारखे नाहीत. पॅड झिजला की ते स्वतःहून जवळ येत नाहीत, तुलाच स्क्रूने आत घ्यावे लागतात. घाट चढताना जे अंतर ठीक होतं ते उतरताना अर्ध्यातच अपुरं पडू शकतं, लिव्हर हँडलला टेकायला लागतो. तसं वाटलं की थांबायचं, वळणानंतर बघू म्हणायचं नाही. केबल जिथे बोल्टखाली दाबलेली असते तिथे तिच्या तारा सुटायला लागल्यात का तेही बघ. एक जरी तार उभी राहिलेली दिसली तरी केबल बदल.

नवे पॅड घातल्यावर सरळ घाटात जाऊ नकोस. मोकळ्या मैदानात बऱ्यापैकी वेग घ्यायचा आणि चालण्याच्या वेगापर्यंत आणायचा, असं पंधरा-वीस वेळा, दोन्ही चाकांना वेगवेगळं. मग तळजाई टेकडीच्या उतारावर. आणि कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा हे त्याआधी पाहून ठेव. जुनी घेतलेली सायकल आहे, आधीच्या मालकाने केबली कशा ओढल्यात कोण जाणे.

हे सगळं मी एवढं का उगाळतोय, त्याचं गणित देतो. वाईपासून पाचगणीपर्यंत पसरणी घाटात तू १२ किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर वर चढशील. जवळपास तेवढीच उंची केळघरला खाली टाकायची आहे. तू, सायकल आणि पिशव्या मिळून ७५ किलो धरलं तर ६०० मीटरांची ती ऊर्जा भरते ४४० किलोज्यूल. लिटरभराहून जास्त पाणी तेवढ्यात उकळेल. यातला काही भाग वारा खातो, उरलेला तुझ्या दोन्ही चाकांच्या छोट्या पॅडनी खायचा. गंमत अशी, की भीतीने सतत ब्रेक दाबून तू जितकी हळू उतरशील तितका वाऱ्याचा वाटा कमी होतो आणि पॅडचा वाढतो. म्हणून वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लाव, वेग पाड, मग सोड, डिस्कला वारा लागू दे. वळणाच्या मध्यात ब्रेक नाही. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या कडेला खडी आणि माती वाहून आलेली असते, शेवाळही असतं. तिथे चाक घसरायला वेग लागत नाही.

आणि हे सगळं करणारी बोटं त्या वेळेला कुठल्या अवस्थेत असतील?

तुझ्या बेतात ते नाही. पुण्याहून महाबळेश्वर १२० किलोमीटर धर. कात्रज, खंबाटकी, पसरणी धरून तुझा सरासरी वेग १५ च्या वर जाणार नाही. पसरणीत तर सात-आठच. पहाटे पाचला निघालीस तर नुसत्या पेडल मारण्याचे आठ तास. नाश्ता, जेवण, एक पंक्चर, मॅप्रोच्या रस्त्याला भेटणारे ओळखीचे, म्हणजे महाबळेश्वर सोडायला पाच वाजणार. दिवाळीच्या सुमाराला सहाच्या आसपास सूर्य मावळतो. पुढे सातारा पन्नासहून अधिक किलोमीटर, आणि त्याची सुरुवात उताराने.

दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे शेवटी कळतं, हीच त्यातली अडचण. पाय दुखतात ते सोड, ते सकाळीही दुखतात. खरी खूण वेगळी: भूक लागत नाही, गिअर चुकीच्या बाजूला टाकला जातो, समोरच्या गाडीवाल्यावर उगाच राग येतो, किलोमीटरचा दगड वाचून लगेच विसरला जातो. यातलं काहीही झालं की ‘अजून थोडं’ हा निर्णय तू घ्यायचा नाहीस, कारण तो घेणारी तू त्या वेळी जागेवर नाहीस. तो पुण्यात, घरी बसून, आजच घेऊन ठेव. वेळ आणि ठिकाण लिहून ठेव. मी तरी असं लिहिलं असतं: वाईत दुपारी बाराच्या आत पोहोचले तरच पसरणी, नाहीतर ढोल्या गणपतीच्या घाटावर पाय पसरून बसायचं आणि मुक्काम वाईलाच.

भूक लागायच्या आधी खा, तासाला काहीतरी. राजगिऱ्याचा लाडू, केळं, चिक्की, जे जाईल ते. नुसतं पाणी पीत राहिलीस तर घामातून गेलेलं मीठ परत येत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चव बरी लागावी म्हणून लिंबू पिळ, पण मिठाचं प्रमाण अंदाजाने वाढवू नकोस.

तू महाजन बंधूंचं उदाहरण दिलंस, नाशिकच्या दोन डॉक्टरांनी अमेरिका आडवी पार केली मग मी पावणेदोनशेला का घाबरू. २०१५ ची ती ‘रेस अक्रॉस अमेरिका’ सुमारे ४,८०० किलोमीटरची होती, आणि त्यांनी ती दोघांच्या संघाने केली. एक चालवायचा तेव्हा दुसऱ्याला विसावा मिळायचा, आणि मागे गाडीत क्रू होता. क्रूशिवाय त्या शर्यतीत उभंच करत नाहीत. तिथल्या सायकलपटूला ब्रेक स्वतः बघावा लागत नाही आणि कधी खायचं हेही दुसरा सांगतो. त्यांच्या जिद्दीबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण तुझा बेत त्यांच्यासारखा नाही. तुझ्या जवळचं उदाहरण ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर पुरी करायच्या लांबच्या सायकलफेरीचं, आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, पंक्चर आणि चहा त्यातच, वाटेत मदतीची गाडी नाही. त्यात जे वर्षानुवर्षं टिकतात त्यांच्या नावापुढे कधी ना कधी ‘डीएनएफ’, म्हणजे ‘पूर्ण केली नाही’, लागलेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा सुरुवातीच्या रांगेत उभे असतात. दिवाळीआधी अशी एक २०० ची ब्रेव्हे करून बघ ना. सपाट रस्त्याची निवड. त्यात शेवटच्या ५० किलोमीटरांत तुझं काय होतं हे कळेल, आणि ते कळायला घाटाची गरज नाही.

तर माझं म्हणणं असं. दोन दिवस कर. पहिल्या दिवशी वाई, नव्वदच्या आतबाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी पसरणी, दुपारी जेवून केळघर, उजेडात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात सायकल दुकानात दे आणि सांग, ‘मी हे हे काम केलंय, फक्त तपासा.’ त्याला पैसे दे, फुकट बघून घेऊ नकोस. फुकटात माणूस वरवर बघतो. त्याने काही काढलं तर काय काढलं ते विचारून घे आणि पुढच्या वेळी त्याच्यासमोर तू कर. वर्षभरात तुझे ब्रेक तपासायची दुसऱ्याला गरज आहे का, हे तोच सांगेल.

मी त्या दिवशी दुपारी दोनपासून मेढ्याच्या स्टँडवर जीप घेऊन असेन. वर आणायला येणार नाही, काळजी करू नकोस. तू खाली आलीस आणि अंगात जोर असला तर पुढे सायकलवर ये, मी गाडी घेऊन निघून जाईन. नसला तर मागे टाकू. दोन्ही चालेल. महाबळेश्वर सोडताना मात्र एक फोन कर, घाटात प्रत्येक वळणावर रेंज असेलच असं नाही.

शेजारच्या बापूकाकांच्या हाती केबल कटर पाठवतोय. पक्कडीने केबल कापू नकोस, टोक फुलतं. जुने पॅड फेकू नकोस, मला बघायचेत ते कसे झिजलेत. एका बाजूने तिरके झिजले असतील तर कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, सरळ बसलेला नाही.

आई विचारते, डिंकाचे लाडू वाईला पाठवू की इथे आल्यावर खाशील. कळव.

तुझा,
बाबा