घोडेस्वारीतील पात्रता : जागा देशाची, निकष जोडीचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑलिंपिक किंवा आशियाई क्रीडास्पर्धा जवळ आल्या की घोडेस्वारीसंबंधी ‘अमुक स्वार पात्र ठरला’ अशी चार ओळींची बातमी छापून येते. पुढे निवड जाहीर होताना दुसरेच नाव चर्चेत आले की वाचक बुचकळ्यात पडतो आणि कोणावर तरी अन्याय झाला असावा, असे मानून मोकळा होतो. वास्तविक या एका ‘पात्र’ शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते : देशाला जागा मिळणे, स्वार व घोडा यांनी किमान निकष पूर्ण करणे आणि राष्ट्रीय महासंघाने त्यांची निवड करणे. मी पेशाने पशुवैद्यक असून घोड्यांच्या सहवासात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या खेळाविषयी मराठीत नेमकेपणाने फारसे लिहिले जात नाही, ही माझी जुनी खंत आहे.

पॅरिस ऑलिंपिकचे उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये तेथे घोडेस्वारीच्या तिन्ही प्रकारांत मिळून केवळ २०० स्वारांना प्रवेश होता : अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या शो-जंपिंगमध्ये ७५, ड्रेसाज, क्रॉस-कंट्री व जंपिंग अशा तीन कसोट्यांच्या इव्हेंटिंगमध्ये ६५ आणि घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करून घेण्याच्या ड्रेसाजमध्ये ६०. स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात, त्यामुळे या जागांची तशी वाटणी नसते. यांतील बहुतेक जागा संघांसाठी होत्या. जंपिंगचे २०, इव्हेंटिंगचे १६ आणि ड्रेसाजचे १५ संघ, प्रत्येकी तीन स्वारांचे. यजमान फ्रान्सला थेट प्रवेश होता. काही संघ २०२२ च्या जागतिक स्पर्धांतून आले आणि उरलेल्या जागा खंडनिहाय व गटनिहाय पात्रता स्पर्धांतून भरल्या गेल्या. हे सगळे झाल्यावर वैयक्तिक स्वारांसाठी जंपिंग व ड्रेसाजमध्ये प्रत्येकी १५ आणि इव्हेंटिंगमध्ये १७ जागा उरत होत्या. भारतासारख्या देशासाठी तूर्त हाच दरवाजा उघडा आहे.

या वैयक्तिक जागा जगाच्या एका सरसकट क्रमवारीतून दिल्या जात नाहीत. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने ऑलिंपिकपुरते जगाचे ‘ए’ ते ‘जी’ असे सात गट पाडले आहेत. आपण आग्नेय आशिया व ओशनियाच्या ‘जी’ गटात, म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या पंक्तीत बसतो. ज्या देशाचा संघ आधीच पात्र ठरला त्याचे स्वार वैयक्तिक जागांच्या हिशेबातून वगळले जातात आणि मग उरलेल्यांत चुरस होते. युरोपात अनेक तगडे स्वार मागे राहतात आणि दुबळ्या गटातील स्वार पुढे जातो, अशी टीका या पद्धतीवर होते. ती मला मान्य नाही. गट नसते, तर ऑलिंपिकची घोडेस्वारी ही युरोप-अमेरिकेतील मोजक्या देशांची खासगी स्पर्धा होऊन बसली असती. शिवाय गटातून मिळालेली जागा म्हणजे दर्जात सवलत नव्हे, कारण किमान निकषाची पायरी सर्वांना सारखीच उंच असते.

ती पायरी किती उंच आहे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ड्रेसाजच्या ग्रां प्री या सर्वोच्च पातळीच्या चाचणीत प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा असे गुण देतात आणि त्यांची टक्केवारी काढली जाते. पॅरिससाठी तीन तारांकित (तारांवरून स्पर्धेचा दर्जा कळतो) वा त्यावरील स्पर्धांत दोनदा किमान ६७ टक्के मिळवणे आवश्यक होते. म्हणजे जागच्या जागी दुडकी चालण्यापासून एका मागच्या पायाभोवती गिरकी घेण्यापर्यंत प्रत्येक कृतीला सरासरी ६.७ गुण हवेत, आणि एका ठिकाणी घोडा बिचकून चार गुणांवर आला की ती तूट भरून काढायला दुसरीकडे आठ-नऊ गुण मिळवावे लागतात. इव्हेंटिंगचा निकष निराळा आहे. तेथे ड्रेसाजमधील दंडगुण ४५ च्या आत राहावे लागतात, मोकळ्या रानातील क्रॉस-कंट्रीत अडथळ्यावर घोड्याचा एकही नकार चालत नाही आणि शेवटच्या जंपिंगमध्ये चार दांड्यांपेक्षा अधिक पाडता येत नाहीत. त्याखेरीज लांब पल्ल्याच्या स्पर्धेत घोड्याची दोनदा तपासणी होते, पहिली ड्रेसाजच्या आधी आणि दुसरी जंपिंगच्या आधी. मोतद्दाराने रात्रभर पायांना थंड पट्ट्या बांधून जपलेला घोडा सकाळी टणक जमिनीवर पंच आणि पशुवैद्यकांसमोर धाववला जातो. तो किंचित लंगडला तरी आदल्या दिवसाची सारी कमाई वाया जाते. माझ्या मते या खेळातील सर्वांत न्याय्य नियम हाच आहे.

हा निकष स्वाराने एकट्याने नव्हे, तर त्या विशिष्ट घोड्यासह पूर्ण करायचा असतो. इव्हेंटिंगमधील भारतीय स्वार फवाद मिर्झा यांच्या टोकियो ऑलिंपिकच्या प्रवासातून हे चांगले समजते. २०१९ च्या क्रमवारीत त्यांनी फर्नहिल फेसटाइम व टचिंगवुड या घोड्यांवर गुण मिळवून ‘जी’ गटातून जागा आणली आणि सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या मुंबईच्या इम्तियाज अनीस यांच्यानंतर वीस वर्षांनी भारताला घोडेस्वारीत ऑलिंपिकचे दार उघडले. प्रत्यक्ष टोकियोत मात्र त्यांच्यासोबत सेन्यूर मेडिकॉट हा दुखापतीतून सावरलेला घोडा होता. त्याला २०२१ मध्ये पोलंडमधील बाबोरुव्हको येथे निकष वेगळा पूर्ण करावा लागला. टोकियोत या जोडीने अंतिम फेरी गाठून २३ वे स्थान मिळवले. घोड्यालाही अटी असतात. इव्हेंटिंग व ड्रेसाजसाठी तो किमान आठ वर्षांचा आणि जंपिंगसाठी नऊ वर्षांचा हवा, आणि ठरलेल्या तारखेपूर्वी त्याची मालकी स्वाराच्याच देशाच्या नागरिकाकडे नोंदलेली हवी. अखेरच्या क्षणी परदेशातून तयार घोडा उसना घेण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

आता निवडीविषयी. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण आणले. घोडेस्वारीतील भारताचे १९८२ नंतरचे ते पहिले सुवर्ण होते. त्यानंतर अनुषने व्रोत्स्वाफ, क्रोननबर्ग, फ्रँकफर्ट व मेखेलेन या चारही स्पर्धांत ७२ टक्क्यांवर गुण मिळवले आणि पॅरिससाठी भारताला ड्रेसाजमधली पहिलीवहिली जागा मिळाली. ही जागा देशाच्या ऑलिंपिक समितीच्या नावे होती. पुढे जून २०२४ मध्ये ड्रेसाजमधील दुसऱ्या भारतीय स्वार श्रुती व्होरा यांनी स्लोव्हेनियातील लिपित्सा येथे तीन तारांकित स्पर्धा जिंकली. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या आणि जागेच्या दावेदारही झाल्या. भारतीय महासंघाने दोघांच्या अलीकडच्या गुणांची सरासरी काढली. जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या फरकाने अनुष पुढे होता, तो गेला आणि श्रुती राखीव राहिल्या. एवढ्या थोड्या फरकाने जेव्हा ऑलिंपिकचे तिकीट ठरते, तेव्हा कोणत्या काळातील आणि किती स्पर्धांचे गुण धरले जाणार हे पात्रता-काळ सुरू होण्यापूर्वीच लेखी जाहीर झालेले असणे अत्यावश्यक आहे. घोडेस्वारीतील निवडीच्या तक्रारी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्याचे आपण पाहिले आहे. त्या टाळण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आपल्यापुढील मोठी अडचण मात्र निवडीची नसून घोड्यांची आहे. अनुषच्या त्या चारही स्पर्धा युरोपात झाल्या आणि तो स्वतः २०१७ पासून जर्मनीत राहून शिकत होता. भारतात वाढलेला घोडा तेथे नेणे रोगप्रतिबंधक नियमांमुळे जवळजवळ अशक्य होते, म्हणून ज्याला युरोपात घोडा विकत घेऊन सांभाळणे परवडते त्यालाच पात्रतेच्या रांगेत उभे राहता येते. विलगीकरणाचे नियम किती कडक असू शकतात हे १९५६ मध्ये जगाने पाहिले आहे : मेलबर्न ऑलिंपिकची घोडेस्वारी ऑस्ट्रेलियाच्या नियमांमुळे स्टॉकहोमला घ्यावी लागली होती. जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठ छावणीतील लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला अश्वरोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. ग्लँडर्स, सर्रा, घोड्यांचा इन्फ्लुएंझा अशा रोगांपासून तो विभाग मुक्त ठेवला जातो. आपल्या घोड्यांच्या परदेश प्रवासाची वाट त्यातून मोकळी होऊ शकते. एवढी महत्त्वाची घटना असूनही मराठी वृत्तपत्रांत मला तिची दखल क्वचितच दिसली.

पात्रतेच्या शेवटच्या फटीतून आत आलेला देश काय करू शकतो, हे पॅरिसमध्ये जपानने दाखवले. ‘एफ’ व ‘जी’ गटांची इव्हेंटिंगची पात्रता स्पर्धा आयर्लंडमधील मिलस्ट्रीट येथे झाली आणि जागा आधी चीनला मिळाली होती. चीनच्या एका घोड्याच्या नमुन्यात नियंत्रित औषध आढळल्याने तो संघ बाद झाला आणि जागा जपानकडे आली. त्याच संघाने पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकले. १९३२ मध्ये ताकेइची निशी यांनी लॉस एंजेलिसमध्ये जिंकलेल्या सुवर्णानंतर जपानचे घोडेस्वारीतील ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

पुणे, मुंबई आणि त्यांच्या आसपास घोडेस्वारी शिकणारी मुले-मुली कमी नाहीत. पुण्याजवळच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्र खोगिरावर बसतात. या मुलांच्या पालकांना कोणत्या वयात, कोणत्या घोड्यावर, कितव्या तारांकित स्पर्धेचे गुण धरले जातात हे मराठीत वाचायला मिळाले, तर लाखो रुपयांचे निर्णय ते ऐकीव माहितीवर घेणार नाहीत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे पात्रता-नियम आपल्या क्रीडापानावर सविस्तर छापावेत आणि यापुढे घोडेस्वारीच्या बातमीत जागा देशाला मिळाली, जोडीने निकष पूर्ण केला की स्वाराची निवड झाली, याचा स्पष्ट उल्लेख असावा, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक पशुवैद्यक वाचक, पुणे