परसातल्या टाक्यातील बेडूक

माननीय संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमच्या सांदवाडीत कोई या शोभेच्या रंगीत माशांचे छोटे टाके आहे. मृगाच्या सरी कोसळताच तेथे पिवळेधमक नर बेडूक रात्रभर डरावतात. झोपमोड होते म्हणून गावातील काही जण पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकण्याचा सल्ला देतात, जो माशांच्याही जिवावर बेतणारा आहे. वास्तविक बेडकांची अंडी व पिल्ले कोई स्वतःच खातात. उरलेली पिल्ले शेवाळ खरवडतात आणि मोठी होऊन कपाशी-तुरीच्या शिवारातील किडे टिपतात. बेसुमार पकडीमुळे बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये सरकारला थांबवावी लागली होती. टाकेधारकांनी काठाला दगडांचा उतार ठेवावा, ही कळकळीची विनंती. गुळगुळीत भिंतीमुळे बाहेर न पडता आलेले, नुकतेच पाय फुटलेले छोटे बेडूक बुडून मरतात.

आपला,
एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा