एप्रिलमधला एक वर्ग मिठागरावर भरवा

मा. संपादक,

२०२५ सालापासून आपल्या गोव्यात माध्यमिक शाळांचे नवे वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले. एवढ्या तलखीत मुलांना वर्गात बसवावे का, यावर पालकांत बरीच वादावादी झाली. मी त्यात पडत नाही. पण आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेली बाई म्हणून एक सांगते. शाळा एप्रिलमध्ये भरणारच असेल, तर गोव्यात या विषयाला याहून चांगला महिना नाही. मिठागरे भरात असतात, काजूचा हंगाम चालू असतो, भिरंडे म्हणजे कोकमाची फळे पिकायला लागतात. पूर्वी जूनमध्ये शाळा उघडायच्या तेव्हा आगरांत पावसाचे पाणी भरलेले असायचे आणि स्फटिकीकरण आम्ही फळ्यावर खडूने शिकवायचो.

आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाला एप्रिलमधली एक सकाळ मिठागरावर न्यावे, एवढीच माझी मागणी आहे. पेडण्यात आगरवाडा आहे, बार्देशात हडफडे, तिसवाडीत रायबंदर. मिठागरे वर्षागणिक कमी होत चालली आहेत, तेव्हा हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

तिथे मुलांना काय दिसेल? मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचे पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, त्यांतले २७ ग्रॅमच्या आसपास आपले खायचे मीठ. पण पाणी आटू लागले की मीठ लगेच धरत नाही. आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले की मिठाचे दाणे दिसू लागतात. मॅग्नेशियमचे क्षार तरीही पाण्यातच राहतात. हे उरलेले कडू पाणी वेळेवर काढून टाकले नाही तर मीठही कडवट होते. कुठल्या वाफ्यातले पाणी कधी सोडायचे हे आगरात राबणाऱ्या माणसाला नजरेने कळते. पुस्तकात ज्याला विद्राव्यतेतला फरक म्हणतात, त्यावर त्याचे पोट चालते. मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत, आणि त्याने दिलेली उत्तरे शिक्षकांनीही वहीत उतरवून घ्यावीत.

पावसाळ्यात मला बायका हमखास विचारतात, गावठी मिठाला पाणी सुटते म्हणजे त्यात भेसळ असते का? नाही. मिठाला चिकटून राहिलेले मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांवर गेली की ते विरघळू लागते. शुद्ध मिठाला त्यासाठी सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते, आणि आपल्या जुलैत तीही सहज ओलांडली जाते, म्हणून मग कुठलेच मीठ कोरडे राहत नाही. एप्रिलमध्ये आगरावरून आणलेले मूठभर मीठ आणि प्रयोगशाळेतले शुद्ध मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड दोन बशांत उघडे ठेवा. आधी कुठली बशी ओलावते, कधी ओलावते, हे मुले रोज लिहून ठेवतील. गावठी मिठाचा करडा रंग वाफ्यातल्या चिखलाचा असतो, हेही त्यांना सांगावे. त्या मिठात आयोडीन मिसळलेले नसते, म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठही हवे, हे सांगायला मात्र विसरू नये.

भिरंडांचे तसेच. आम्ल की अल्कली हे रंगावरून दाखवणाऱ्या लिटमसच्या पट्ट्या संपल्या म्हणून प्रयोग राहिला, असे शाळांतून वरचेवर ऐकू येते. ताज्या भिरंडाच्या सालीत अँथोसायानिन नावाचे रंगद्रव्य असते. तिचा लाल रस पाण्यात पातळ करून त्यात थेंब थेंब धुण्याच्या सोड्याचे पाणी घाला. लाल रंग जातो आणि रस निळसर-हिरवट होतो. लिंबू पिळले की पुन्हा लालीवर येतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि हळदीला चुना लावून कुंकू करतात, तिथेही अल्कलीचीच करामत आहे. पट्ट्यांवाचून अडावे असे यात काही नाही.

काजूबाबत थोडे सावध असावे. कच्च्या बियांच्या टरफलातल्या तेलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते. त्याने कातडी भाजून निघते, म्हणून मुलांच्या हाती बिया फोडायला देऊ नयेत. काजूची फेणी गाळण्याची भाटी दाखवावी का, यावर काही पालक भुवया उंचावतील. माझ्या मते दाखवावी. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० ला, म्हणून वाफेत अल्कोहोलचे प्रमाण वाढते. हे ऊर्ध्वपातन गावातच पाहता येते. चव घेण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक गोष्ट मात्र प्रत्येक वर्गात बजावून सांगितलीच पाहिजे. पावसाळ्यात विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. घरकामात आईला हातभार लावणाऱ्या मुलांना हे परीक्षेच्या कुठल्याही प्रश्नाआधी माहीत हवे.

शिक्षण खात्याने यासाठी एक साधे परिपत्रक काढावे, आणि आपण विद्यार्थ्यांच्या पुरवणीत मुलांच्या नोंदींना जागा द्यावी, ही विनंती. आगरावर जायचे तर ऊन चढण्याआधी, सकाळी आठच्या आत पोहोचावे. आगरवाल्याची परवानगी आधी घ्यावी, मुलांना बांधावरूनच चालू द्यावे आणि प्रत्येक गटामागे एक भिंग न्यावे. मिठाचा दाणा चौकोनी असतो, तो त्यातून स्पष्ट दिसतो.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, पेडणे