हरळीच्या बाजूने

दादर, मुंबई
आषाढ

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मैदानावर प्लास्टिकचे गवत अंथरण्याचा ठराव मैदान समितीपुढे आला आहे आणि पुढच्या बैठकीत मला त्यावर मत द्यायचे आहे. मी पुष्पीला फोन केला, तर ती आनंदाने ओरडलीच, "आला एकदाचा टर्फ! आपल्या वेळी का नाही आला गं?" तिला दोष देता येत नाही, पण हे तुलाच लिहायला हवे, हे मला तेव्हाच कळले. हॉकीच्या निवड चाचणीच्या त्या दिवशी पुष्पी तापाने घरी होती. माझ्या डाव्या बाजूला तू होतीस.

आमच्याकडे सर्वांचे ठीक आहे. पावसाळ्यात माझा गुडघा दुखतो, ह्यांचा रक्तदाब गोळीने ताब्यात राहतो. याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही.

ठराव सुनीताने मांडला आहे. आता ती तिथल्या मुलींना शिकवते आणि जीव ओतून शिकवते. तिचे म्हणणे असे की, ज्या खेळाच्या मोठ्या स्पर्धा १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदानावर होतात, तो खेळ मुलींना गवतावर आणि मुरमावर शिकवणे ही त्यांची फसवणूक आहे. यावर मी काय बोलणार? भारताने १९७५ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला तो गवतावर, आणि १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक आणणारा हाच देश पुढच्याच वर्षी माँट्रियलला सातवा आला. त्या घसरणीला इतरही कारणे असतील. पण चेंडू उसळत, अडखळत येणार हे गृहीत धरून मनगटात जी कला मुरली होती, तिची किंमत त्या सपाट, वेगवान पृष्ठभागावर एकदम उतरली. ते आपण वर्तमानपत्रात वाचले नव्हते, अंगाने अनुभवले होते. चाचणीला पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवला, तेव्हा मी अडवायला वाकेपर्यंत चेंडू निघून गेलेला असायचा आणि तू डावीकडून "आधी वाक, आधी वाक" असे ओरडत होतीस. (त्या ओरडण्यावरून परतीच्या लोकलमध्ये आपले जे भांडण झाले, त्यात अजूनही माझेच बरोबर होते असे मला वाटते.) सुनीताच्या मुलींपैकी एखादी उद्या अशीच परत आली, तर तिच्यासमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

तरीही माझा हात या ठरावासाठी वर होत नाही, आणि त्याची कारणे मला तुझ्यापुढे नीट मांडून पाहायची आहेत.

समितीच्या कागदात लिहिले आहे की, "सदर मैदानावर गवत टिकत नाही." टिकणार कसे? पश्चिमेला टॉवर उभे राहिल्यापासून दुपारनंतर अर्ध्या मैदानावर सावली असते, आणि हरळी बाकी सारे सोसते, पण सावली सोसत नाही. हिवाळ्यात लग्नाचे मांडव पडतात, सामानाचे ट्रक थेट मध्यावर उभे राहतात आणि माती दबून इतकी घट्ट होते की पाणीही आत शिरत नाही, मुळे तर दूरच. इतके होऊनही मृगाच्या सरी पडल्यावर कुंपणाकडून हरळीचे धुमारे जमिनीवरून सरपटत पुन्हा आत येतातच. बाई आपल्याला शिक्षा म्हणून लव्हाळा उपटायला बसवायच्या, तेव्हा "हरळीला हात लावाल तर याद राखा" असे का बजावायच्या, ते मला तुझ्यामुळे पुढे समजले. झाडाची वाढ फांदीच्या शेंड्याला होते, गवताचा वाढीचा कोंब मात्र जमिनीलगत असतो. म्हणून गाईने वरचे पाते खाल्ले, यंत्राने कापले किंवा बावीस जणींनी तुडवले, तरी ते खालून पुन्हा येते. खेळ गवतावर सुरू झाले, यामागे हेच आहे असे मला वाटते. विम्बल्डनला २००१ पासून सगळ्या कोर्टांवर केवळ बारमाही रायगवत लावतात आणि स्पर्धेच्या वेळी ते ८ मिलिमीटरवर राखतात. तिथला माळी जे रायगवताकडून मोठ्या कष्टाने करून घेतो, ते आपल्या उष्ण हवेत हरळी जवळजवळ स्वतःहून करते. गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच, आणि क्रिकेटच्या मैदानांसाठी जगभर जिला बर्म्युडा म्हणून मागणी असते तीही तीच.

आता तू म्हणशील की कापलेली हिरवळ म्हणजे गवत नव्हे. सोलापूरच्या गाडीत तू हेच म्हणाली होतीस, त्यावर "ज्यावर कोणी खेळत नाही ते गवत म्हणजे नुसता चारा" असे मी म्हटले, आणि दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. नंतर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तू मला मारवेल, पवना आणि कुसळी वेगवेगळी ओळखायला लावलीस, माझी साडी कुसळांनी भरली आणि तुझा राग गेला. त्या माळावर तू जे सांगितलेस, तेच या ठरावाने मला पुन्हा आठवले आहे. १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले खरे, पण सरकारी दप्तरात माळरानाची नोंद पडीक जमीन अशीच राहिली, आणि पडीक जमिनीवर काहीतरी केलेच पाहिजे म्हणून गिरिपुष्पाची रोपे लावली गेली. मोकळ्यावर एकच अंडे घालणाऱ्या आणि दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या त्या जड पक्ष्याला झाडी नको होती, उघडे गवत हवे होते. काळवीट, खोकड, लांडगा यांनाही तेच हवे असते. आता तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. माळ रिकामा आहे असे ज्यांना वाटले त्यांनी त्यावर झाडे लावली. मैदान रिकामे आहे असे ज्यांना वाटते ते त्यावर प्लास्टिक अंथरू पाहत आहेत. दोन्हीकडे हेतू चांगला आहे, म्हणूनच विरोध करणे इतके जड जाते.

माळ म्हणजे रिकामी जागा, हीच समजूत कझाकस्तानच्या स्टेपीवर, तिथल्या अफाट गवताळ माळावर, किती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, ते मी गेले काही दिवस वाचते आहे. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या राजवटीत १९५४ पासून तिथे कोट्यवधी हेक्टर गवताळ जमीन गव्हासाठी नांगरली गेली. पहिली काही पिके भरघोस आली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला मातीची वादळे उठली, कारण ती काळी, कसदार माती घडवणारी आणि धरून ठेवणारी मुळेच उलथली गेली होती. स्टेपीच्या गवताचा मोठा भाग जमिनीखाली असतो. वर दिसते ते थोडे. पण गवत माफही लवकर करते, कुंदा. तिथला सायगा हरीण २००५ च्या सुमारास चाळीस हजारांच्या आत आला होता. संख्या सावरत असतानाच २०१५ मध्ये एका जिवाणूच्या साथीने काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा मेले. तरीही शिकारीला आवर घातल्यावर आणि मोकळा माळ राखल्यावर २०२२ च्या गणनेत ते तेरा लाखांवर गेले. मंगोलियात गावोगावच्या नादामच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यती आणि कुस्त्या आजही त्याच गवतावर होतात, ज्यावर ते घोडे एरवी चरतात. तिथे चराई आणि खेळ अशी वेगवेगळी खाती कोणी पाडली नाहीत, हे मला फार आवडले.

आणि हे सारे आपल्यापासून दूर आहे असेही नाही. तुझ्याकडे हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर जे भोरड्यांचे थवे उतरतात, ते मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्ले वाढवून आलेले असतात. तुझे लाडके भोवत्ये, ते माळावरचे शिकारी पक्षी, तेही तिकडचेच. आपल्या मैदानावर थंडीत शेपूट हलवत पळणारा धोबीसुद्धा उत्तरेकडचा पाहुणा, आणि तो किडे टिपायला हरळीत उतरतो. प्लास्टिकवर त्याला काय मिळणार?

उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो, हे मोजलेले आहे. अनेक कृत्रिम मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबराच्या बारीक दाण्यांची विक्री युरोपीय संघात २०३१ पासून बंद होणार आहे. २०२६ च्या पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकासाठी तर अमेरिकेतल्या कृत्रिम मैदानांवरही नैसर्गिक गवत घालण्याची अट होती. पण मला सर्वांत जास्त भीती फाटकाची वाटते. एवढा खर्च केल्यावर कुलूप येईल, तासाचे भाडे येईल, आणि मागच्या चाळीतली जी मुले आज कोणालाही न विचारता खेळतात ती बाहेरून पाहत उभी राहतील. आपण दोघी त्या मैदानावर आलो, तेव्हा आपल्याकडे भाड्याचे पैसे होते का?

म्हणून मी एक मसुदा केला आहे. पूर्वेच्या फाटकाजवळ डांबर घातलेला पट्टा आहे, जिथे गाड्या उभ्या राहतात. तिथे सरावापुरता लहान टर्फ करावा, म्हणजे सुनीताच्या मुलींना चेंडूचा वेग कळेल. मैदानावर मात्र गवतच ठेवावे, मांडव बंद करावेत, माती भुसभुशीत करून पावसाचे दोन महिने विश्रांती द्यावी आणि सावलीच्या बाजूला हरळीऐवजी काय लावावे ते जाणकाराला विचारावे. सुनीताला हे पुरेसे वाटणार नाही. लहान पट्टीवर पूर्ण सामना शिकता येत नाही, असे ती म्हणेल आणि ते खरे आहे. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि रात्री झोप लागत नाही ती त्यामुळेच.

तुझ्या निवृत्तीनंतरच्या घराचे काय ठरले? अमेयला पुण्याची नोकरी मिळाली हे पुष्पीकडून कळले, फार बरे वाटले. आईंना नमस्कार सांग. त्यांचे डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाले असेल.

मसुदा सोबत जोडला आहे. त्यातला मातीचा आणि सावलीतल्या गवताचा भाग तू तपासून, हव्या तिथे खोडून, बैठकीच्या आधी परत पाठव. शक्य झाले तर स्वतःच ये. तुझे म्हणणे सुनीता ऐकेल, कारण ती आजही तुला कप्तानच म्हणते.

तुझी,
शैला