चराच्या अलीकडे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलत होतास आणि मी मध्येच "कुकर झालाय, ठेवते" म्हणाले. कुकर झाला नव्हता. रात्री साडेदहाला आपल्या घरात कुकर लागत नाही हे तुलाही माहीत आहे, तरी तू काही विचारलं नाहीस. म्हणून लिहायला बसले. तोंडी बोलायला गेले तर तू "अगं आई, गेम आहे तो" म्हणणार, आणि मला पुढचं सुचणार नाही.

तुझ्या त्या ऑनलाइन रूनस्केप खेळातलं तू सांगितलंस ते असं. खेळातल्या बाजारात, ग्रँड एक्स्चेंजपाशी, एक नवखा मुलगा भेटला. तुझ्या क्लॅनमधल्या, म्हणजे टोळीतल्या, तिघांनी दोन दिवस त्याच्याशी दोस्ती केली, वर थोडे पैसेही दिले. तिसऱ्या दिवशी "तुला भारी जागा दाखवतो, असेल ते सगळं अंगावर घालून ये" म्हणून त्याला वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या रानात, नेलं. तिथे बाकीचे दबा धरून बसलेलेच. मंत्राने निसटता येऊ नये म्हणून टेलिब्लॉक टाकला, बर्फाच्या मंत्राने पाय जखडले, खेळ खलास. बारा मिलियन नाण्यांची लूट, तुझ्या वाट्याला तीन. "त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही गं, तो आम्हालाच हेल्प हेल्प लिहीत होता." हे सांगताना तू हसत होतास. त्या हसण्यावर मी फोन ठेवला.

मी खेळाच्या विरोधात असते तर हे पत्र सोपं झालं असतं. पण २०२० च्या उन्हाळ्यात सगळे घरात अडकलेले असताना ओल्ड स्कूल रूनस्केप माझ्या मोबाईलवर तूच टाकून दिलंस. "आई, नुसतं मासे पकडत बस, कुणी काही बोलणार नाही." माहेर मालवणचं, त्यामुळे खेळातल्या करम्जा बेटाच्या धक्क्यावर जीव रमला. होडीला तीस नाणी, हातात पिंजरा, आणि मालवणात जिचा भाव विचारायची छाती होत नाही ती शेवंड इथे पाटीभर. तिथे कुणाचं कुणाशी भांडणही नव्हतं, कारण एका जागी दहा जण बसले तरी मासे कुणाचे कमी होत नाहीत. बाबांना अजून वाटतं मी मोबाईलवर पाककृती बघते. अगदीच खोटं नाही ते. खेळात माझी कुकिंगची पातळी ऐंशीच्या पुढे आहे.

वाइल्डरनेसमधलं माझं पहिलं मरण मी तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटली होती. क्लू स्क्रोल, म्हणजे खजिन्याचा माग सांगणारी चिठ्ठी, मिळाला होता, त्यात उत्तरेकडे एका जागी खणायला सांगितलेलं. कुठे जायचं म्हटलं की चांगलं नेसून निघायची आम्हा बायकांची सवय. होतं नव्हतं ते रून चिलखत चढवलं, गळ्यात ग्लोरीचा ताईत घातला, पिशवीत शिजवलेल्या शेवंडी भरल्या आणि वाइल्डरनेसच्या सीमेवरचा चर ओलांडला. धोक्याची सूचना आली होती, ती मी बँकेच्या अटी-शर्तींसारखी वाचली. म्हणजे वाचलीच नाही. कोपऱ्यातला आकडा वाढत गेला, वीस, पंचवीस, बत्तीस. मला वाटलं, मी पुढे चालले आहे म्हणून काही गुण मिळताहेत.

मग नकाशावर एक पांढरा ठिपका, म्हणजे दुसरा खेळाडू, आला, आणि पाचसहा सेकंदांत मी मेलेले जिथे परत उभे राहतात त्या लम्ब्रिजच्या किल्ल्यात उभी. अंगावर तीन वस्तू. चहा गार झाला तरी मी स्क्रीनकडे बघत होते.

आता ऐक, हे खरं सांगायचं होतं. मारण्याआधी त्या ठिपक्यामागच्या खेळाडूने काही विचारलं नाही, पण मारल्यावर एक ओळ लिहिली. आधी "जीएफ". गुड फाइट कसली, मी एक वारसुद्धा केला नव्हता! मग बहुधा माझ्या कपड्यांवरून मी नवखी आहे हे ओळखलं असेल, कारण मी चडफडत परत चराजवळच्या एजव्हिल गावात आले तर तो बँकेपाशी उभा होता आणि त्याने नीट समजावून सांगितलं: क्लू खणायला जाताना फक्त फावडं न्यायचं. फावडंच नेलं तर मारणाऱ्याच्या हाती काय लागणार? माझं चिलखत त्याने परत दिलं नाही. द्यायचं कारणही नव्हतं. मी चर ओलांडला होता.

त्यानंतर मी तो मुलूख जरा अभ्यासला. तुला हे पाठ आहे, तरी लिहिते, कारण मला हे कळलंय हे तुला कळावं. कोपऱ्यातला तो आकडा म्हणजे किती तफावतीचा माणूस तुमच्यावर हात उचलू शकतो त्याचं माप. माझी लढाईची पातळी ६८. आकडा ५ असेल तर ६३ ते ७३ मधलेच मला मारू शकतात, आकडा ४० झाला की २८ पासून १०८ पर्यंतचे सगळे. वीसच्या पुढे साधा टेलिपोर्ट, म्हणजे मंत्राने क्षणात दुसरीकडे जाणं, चालत नाही, ग्लोरीचा टेलिपोर्ट तीसपर्यंत साथ देतो, त्यापुढे पायीच मागे यायचं. मेलात तर सगळ्यात महागाच्या तीन वस्तू राहतात, पण तुम्ही स्वतः होऊन कुणावर चालून गेला असाल तर डोक्यावर कवटी येते आणि त्या तीनही जातात. प्रोटेक्ट आयटमची प्रार्थना चालू ठेवली तर एक वाचते. लढाई थांबून दहा सेकंद झाल्याशिवाय लॉगआउट होत नाही, त्यामुळे फोन बंद करून पळ काढणाऱ्यांचं काही खरं नाही. एकमेकांवर आडव्या तलवारींची खूण दिसली की समजायचं, इथे दहा जण एकावर तुटून पडू शकतात.

आणि सगळ्यात मोठी सवय म्हणजे नकाशावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर. हिरव्या ड्रॅगनला मारताना माझा एक डोळा ड्रॅगनवर आणि एक ठिपक्यांवर असतो, दूध तापवताना तुझ्यावर असायचा तसा.

पण ओंकार, हे सगळे नियम चराच्या पलीकडचे आहेत. पलीकडे कुणी मला मारलं तर मी हळहळते आणि पुन्हा शेवंडी शिजवायला बसते. गमावायला तयार असू तेवढंच घेऊन निघायचं, एवढं कळलेला माणूस तिथे येतो. तुमच्या त्या मुलाला ते कळू नये यासाठी तुम्ही दोन दिवस खर्ची घातलेत. तो शेवटी मेला पलीकडे, पण त्याला मारलं तुम्ही अलीकडे, ग्रँड एक्स्चेंजपाशी, गप्पा मारत. खेळाच्या नियमपुस्तकात हे कुठे बसतं हा वाद मला तुझ्याशी घालायचा नाही.

तू मला खेळातल्या फॅलाडोर शहराची गोष्ट सांगितली होतीस, मला वाटतं अकरावीत असताना. ६ जून २००६, कुणीतरी कन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या कौशल्यात, सगळ्यात आधी ९९ वी पातळी गाठली म्हणून त्याच्या घरी मेजवानी, गर्दी मावेना, आणि कसल्याशा बिघाडामुळे काही पाहुण्यांना घराबाहेरही माणसं मारता यायला लागली. त्यातला एक सरळ फॅलाडोरच्या भर रस्त्यात शिरला. लोक बँकेत उभे, गप्पा मारताहेत, उलटा वार करायची सोयच नाही, आणि हा एकेकाला आडवं पाडतोय. पुढे त्याला कायमचं हाकललं. ही गोष्ट सांगताना तुझा आवाज चढला होता. "आई, त्यांनी चर ओलांडलाच नव्हता ना!" हे वाक्य तुझं आहे, माझं नाही.

उलट टोकाची गोष्ट मी नंतर वाचली. खरे पैसे घेऊन खेळातलं सोनं विकणारे लोक वाइल्डरनेसचा वापर करत, चोरीच्या क्रेडिट कार्डांचा सुळसुळाट झाला, म्हणून १० डिसेंबर २००७ ला कंपनीने तिथलं माणसांनी माणसांना मारणंच बंद केलं. माणसांऐवजी भुतं फिरायला लागली. लोक खवळले, कित्येक खेळ सोडून गेले. शेवटी १ फेब्रुवारी २०११ ला जुनं वाइल्डरनेस परत आणावं लागलं. आपण खेळतो तो खेळ तर ऑगस्ट २००७ च्या प्रतीवरून उभा केलेला, म्हणजे हे सगळं व्हायच्या आधीचा. धोका नसलेलं रान लोकांना नकोच होतं, आणि मलाही नको आहे. त्यामुळे मी तुला लढू नकोस म्हणणार नाही. खुशाल लढ. कवटी मिरवत फिर.

फक्त समोरच्या ठिपक्यामागे कोण आहे हे आपल्याला दिसत नाही. व्हेनेझुएलात पैशाची किंमत मातीमोल झाली तेव्हा तिथली बरीच पोरं याच हिरव्या ड्रॅगनांची हाडं-कातडी गोळा करून ते सोनं विकून घर चालवत होती. नियमात ते बसत नाही, मान्य. २०१७ मध्ये त्यांना कसं हुडकायचं आणि मारायचं याची पद्धतशीर माहिती कुणीतरी नेटवर लिहून टाकली, त्यावर लोकांची जुंपली. तो खटला मला अजून सोडवता आलेला नाही. रानात आलेल्याला मारायचा हक्क आहे, आणि तो आपल्या जेवणासाठी तिथे आलाय हेही खरं. मी स्वतः पूर्वेकडच्या ड्रॅगनांकडे जायचं सोडलं, तेवढंच. जागेवर कुणी आधीच असेल तर मी मुकाट्याने दुसऱ्या वर्ल्डवर, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या सर्व्हरवर, जाते. नळावर नंबर लावायची सवय आहे आपल्याला.

आणि मी काही साध्वी नाही. गेल्या वर्षी एका पोराने एक अंगठी मला अर्ध्या किमतीत विकली. त्याला भाव माहीत नव्हता, मला माहीत होता. मी "थँक्स" लिहिलं आणि घेतली. तुझी पणजी मालवणच्या बाजारात बसायची, नवख्या गिऱ्हाइकाला चढा भाव सांगायची, पण लहान पोर पैसे घेऊन आलं की मोजून उरलेले त्याच्या मुठीत परत कोंबायची. ती अंगठी मी अजून विकलेली नाही. बँकेत पडून आहे, दिसली की टोचते.

एक गंमत सांगते. मुळात ऑनलाइन असे खेळ सुरू झाले ते इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात, १९७८ मध्ये. चित्रं नव्हती, सगळा शब्दांचा कारभार. ते करणाऱ्या दोघांपैकी रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवरून सांगितले. चौकट म्हणजे खजिना जमवणारे. इस्पिक म्हणजे खणत हिंडणारे, इंग्रजीत इस्पिकला फावडंच म्हणतात ना. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. किलवर म्हणजे सोटा, दुसऱ्याला झोडपण्यातच ज्यांना मजा. मी इस्पिक आणि बदाम, मध्येच. तू लहानपणापासून पक्का चौकट. पावसाळ्यात गोगलगायींचे शंखसुद्धा मोजून डब्यात ठेवायचास. म्हणून त्या दिवशी फोनवर किलवराचा आवाज ऐकला तेव्हा मला क्षणभर कळेना, हा कोण बोलतोय. तुला किलवर व्हायचंच असेल तर होही, पण मग त्या एजव्हिलवाल्यासारखा हो. मारून झाल्यावर तो मला तोंड दाखवायला आला होता.

आता काय करायचं ते सांगते. तो मुलगा अजून तुझ्या मित्रांच्या यादीत असेल तर त्याला लिही. तुझ्या वाट्याचे तीन मिलियन दे. बाकीच्या नऊचं तू बघू नकोस, दुसऱ्यांच्या वतीने औदार्य नको. माफी मागताना "आमच्या क्लॅनने" असं न लिहिता "मी" लिही. क्लॅनवाले तुला काढतील कदाचित. काढलं तर वाईट वाटेल, ते मी कमी करू शकत नाही. त्याने यादीतून उडवलं असेल किंवा खेळच सोडला असेल, तर ते पैसे बँकेत तसेच ठेव, माझ्या अंगठीशेजारी ठेवल्यासारखे. आणि मला फोनवर काही सांगायची गरज नाही.

बाबांची पाठदुखी बरी आहे. पोह्यांचा चिवडा कुरियरने पाठवलाय, खोलीतल्या मुलांनाही दे, मागच्या वेळी म्हणे तू डबा कपाटात लपवला होतास. थंडीची रजई न्यायची राहिलीच, दिवाळीला आलास की ने.

मला पुन्हा क्लू मिळालाय, या वेळी पन्नासच्या पुढचा, एकटीने जायची भीती वाटते. रविवारी रात्री नऊला एजव्हिलच्या बँकेत मी उभी असेन. फावड्याशिवाय काही आणू नकोस.

तुझी,
आई