‘वर्गात बोलत नाही’ हा शेरा आता नको

महोदय,

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी संपली की थोड्याच दिवसांत पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके पालकांच्या हाती पडतील आणि त्यांतील कितीतरी पुस्तकांत ‘अभ्यास चांगला, पण वर्गात बोलत नाही, सुधारणा आवश्यक’ असा शेरा असेल. फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी 29 वर्षे गणित शिकवले आणि त्यांतील पहिली दहा-बारा वर्षे हाच शेरा मीही लिहीत आलो. लहानपणी माझ्या पुस्तकातही तो होता. तो वाचून घरच्यांनी मला वक्तृत्व स्पर्धेत उभे केले. भाषण पाठ होते, ते मी म्हटलेही, परंतु आधीचे आठ दिवस मला धड जेवण गेले नव्हते. असे असूनही शिक्षक झाल्यावर मी तेच केले, याचे मला आजही वाईट वाटते.

घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ असे किती शब्द आपण अशा मुलांसाठी सहज वापरतो. यांतील प्रत्येक शब्द उणीव दाखवणारा आहे. मुळात बुजरेपणा आणि अंतर्मुखता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुजऱ्या मुलाला लोक काय म्हणतील याची भीती वाटते, तर अंतर्मुख मुलाला भीती वाटतेच असे नाही. गर्दी, गोंगाट आणि सततची बोलणी यांनी ते लवकर थकते आणि थोडा वेळ एकटे राहिले की पुन्हा टवटवीत होते. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख या प्रवृत्तींची सविस्तर मांडणी केली, तेव्हा यांतील एकीलाही त्यांनी आजार म्हटले नव्हते. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या स्वभावाचा बराचसा भाग आनुवंशिक असल्याचे दिसून आले. जे जन्माबरोबर येते, त्यापुढे ‘सुधारणा आवश्यक’ असे कोणत्या अधिकाराने लिहायचे?

आपला गोवा माणसांत रमणारा आहे. जत्रा, शिगमो, भजनी सप्ताह, नाटके, आणि चवथीला मूळ घरी जमणारे अख्खे कुटुंब, या सगळ्याचा मला अभिमान आहे. मात्र याच घरांत कोपऱ्यात बसलेल्या मुलाला ‘अरे, काहीतरी बोल की’ असे दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते. आमच्या घरी चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधताना मात्र मी वेगळे दृश्य पाहत आलो आहे. सुपारीचे घोस, नारळाच्या पेंडी, तोरंजन, कवंडळे, आंबाडे हे सगळे योग्य वजन राखून, तोल सांभाळून टांगण्याचे काम आमच्या घरातील सर्वांत अबोल पुतण्या तासन् तास करतो. तो बोलत नाही, पण कोणते फळ कुठे बसेल हे आम्ही मोठी माणसे त्यालाच विचारतो. त्या वेळी त्याच्या न बोलण्याची कोणालाही अडचण वाटत नाही, कारण सामील होण्याची त्याची वाट आम्ही मान्य केलेली असते.

वर्गातही अशी वाट करता येते. अमेरिकेतील शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात असे दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. ही माहिती मला फार उशिरा मिळाली. त्यानंतर मी प्रश्न फळ्यावर लिहून सर्वांना एक मिनिट वहीत उत्तर मांडायला देऊ लागलो आणि मगच हात वर करायला सांगू लागलो. मागच्या बाकावरील एका मुलीने भूमितीतील एका सिद्धतेची माझ्यापेक्षा सोपी रीत वहीत लिहिलेली मी अशाच एका तासाला पाहिली. तोवर वर्षभर मी तिला ‘लक्ष नाही’ असे म्हणत होतो.

प्रत्येक अबोल मूल प्रतिभावान असते, असा माझा दावा नाही, आणि चारचौघांत बोलता येणे उपयोगाचे आहे हेही मी नाकारत नाही. एखादे मूल अचानक गप्प झाले, तर त्यामागे दुःख किंवा छळ असू शकतो. त्याची चौकशी व्हायलाच हवी. तथापि जे पहिल्यापासून शांत आहे आणि शांतपणेच आनंदी आहे, त्याला गोंगाटात ढकलून आपण काय मिळवतो? मूळचे गोमंतकीय असलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे दिल्लीत जवळजवळ एकांतात राहिले आणि वर्षाला मोजकीच चित्रे काढत राहिले. आज त्यांची चित्रे जगभर मानाने पाहिली जातात.

मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच की सहभागाचे गुण देताना लेखी उत्तर, दोघांच्या जोडीतील चर्चा आणि वहीतील काम यांचीही नोंद घेतली जावी. पालकांनीही ‘वर्गात बोलत नाही’ हा शेरा वाचून घरी मुलाला रागावण्याआधी, ते कधी आणि कोणाजवळ मोकळेपणाने बोलते, हे शिक्षकांना सांगावे. शेवटच्या काही वर्षांत मी त्या जागी ‘लक्षपूर्वक ऐकते, विचार करून लिहिते’ असे लिहीत असे, आणि ते वाचून एका आईने माझ्यासमोर डोळे पुसले होते.

एक निवृत्त गणित शिक्षक,
फोंडा, गोवा